पहिले धनुष्य किती पौंडांचे घ्यावे? हरणाच्या शिकारीला नव्याने निघालेल्यांसाठी

पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची ५ फूट ७ इंच, वय तिशीच्या आत, आजवर धनुष्य हातात धरलेले नाही. येत्या हंगामात सहकाऱ्यांबरोबर व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जाण्याची इच्छा आहे आणि साधारण १००० डॉलर खर्चण्याची तयारी आहे. ओळखीतले एकजण आपले ७० पौंडांचे (म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारे) वापरलेले कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले, धनुष्य ३०० डॉलरला देत आहेत. ते घ्यावे की नवे घ्यावे, आणि त्याबरोबर आणखी काय काय लागेल?

ते धनुष्य घेऊ नये, हे आधीच सांगून टाकतो. ते वापरलेले आहे हे त्याचे कारण नव्हे, कारण चांगले सांभाळलेले जुने धनुष्य पुष्कळदा नव्याहून उत्तम निघते. अडचण त्या ७० आकड्याची आहे, आणि त्याहूनही मोठी अडचण अशी की ते दुसऱ्याच्या हाताच्या मापाचे आहे.

भारतातील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे पुढे लिहिलेले सर्व काही अमेरिकेतील परवानाधारक, हंगामी शिकारीपुरतेच आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींना तिथे बंदूक घेण्यापूर्वी बऱ्याच कायदेशीर अटी तपासाव्या लागतात. धनुष्य केंद्रीय कायद्यातील बंदुकीच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून आपल्यातले अनेकजण धनुष्याकडे वळतात. शिकार शिक्षणाचा वर्ग आणि परवाना मात्र नवख्या माणसाला चुकत नाही.

मी पेनसिल्व्हेनियात गेली १८ वर्षे धनुष्याने शिकार करतो आणि त्यातली पहिली दोन वर्षे मी चुकीच्या धनुष्यापायी घालवली. मीही ७० पौंडांचेच घेतले होते. सप्टेंबरच्या उन्हात, अंगणात, दोन पाय घट्ट रोवून मी ते ओढू शकत होतो, आणि तेवढ्यावर मी समाधानी होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मचाणावर अडीच तास निश्चल बसल्यानंतर, अंगावर कपड्यांचे चार थर आणि बोटे गारठलेली असताना, १८ यार्डांवर एक नर येऊन उभा राहिला. दोरी ओढण्यासाठी मला धनुष्य आभाळाकडे उचलून सगळे शरीर मागे झोकावे लागले. त्या हालचालीला हरिण थांबले नाही. पुढच्या वर्षी तेच पुन्हा घडले. तेव्हापासून धनुष्याविषयीचा प्रत्येक निर्णय मी एकाच कसोटीवर घासून घेतो: थंडीत, बसल्या जागेवरून, सावजाच्या नजरेच्या टप्प्यात, आवाज न करता हे ओढता येईल का, आणि ओढलेले मिनिटभर धरून ठेवता येईल का?

ड्रॉ वेट, म्हणजे दोरी मागे ओढताना लागणारा कमाल जोर, ठरवण्यासाठी दुकानात एक साधी परीक्षा घ्यावी. खुर्चीवर बसावे, दोन्ही पाय जमिनीवरून थोडे उचलावेत, धनुष्य लक्ष्याकडे सरळ रोखावे आणि ते जराही वर न उचलता दोरी सावकाश ओढावी. अर्धा मिनिट धरावी आणि बाण न सोडता तितक्याच सावकाश परत न्यावी. हे लागोपाठ चार-पाच वेळा जमले तर तो जोर तुमचा. शेवटच्या खेपेला खांदा कानाकडे चढू लागला तर पाच पौंड उतरवावेत. नवख्या प्रौढ पुरुषासाठी हा आकडा बहुधा ४५ ते ५५ च्या दरम्यान येतो आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी किमान ३५ पौंडांची अट आहे, शेजारच्या ओहायोत ४० ची, विस्कॉन्सिनमध्ये तर ३० चीच. जागतिक स्पर्धांतील कंपाउंड धनुर्धरांनाही ६० पौंडांच्या वर जाता येत नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते याच मर्यादेत, ५० मीटरवरून नेम धरून. त्यांची धनुष्ये मात्र मचाणावर उपयोगाची नाहीत, कारण ती लांब असतात आणि त्यांना पुढे व बाजूला लांबलचक तोलदांड्या लावलेल्या असतात. तेव्हा त्यांचे पाहून खरेदी करू नये.

कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना जी चाके असतात त्यांना कॅम म्हणतात. १९६० च्या दशकात मिसूरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन यांनी या रचनेचे पेटंट मागितले आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. या चाकांची करामत अशी की ओढ एका टप्प्यापलीकडे गेली की हातावरचा भार एकदम उतरतो. उताराचे प्रमाण ८० टक्के असेल तर ५० पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात केवळ १० पौंड उरतात. हरिण झाडाआड थांबले आणि पुढे यायला वेळ लावू लागले की या उताराची किंमत कळते. रिकर्व्ह किंवा लाँगबो या बिनचाकांच्या साध्या धनुष्यांत हा उतार नसतो, उलट पूर्ण ओढीवर भार सर्वाधिक असतो. मला स्वतःला रिकर्व्ह फार आवडते, पण पहिल्या हंगामासाठी ते कोणालाही सुचवणार नाही. क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य, या राज्यात चालते, परंतु तिचे तंत्र आणि तिची खरेदी हा निराळाच विषय आहे.

आता ड्रॉ लेंग्थकडे, म्हणजे दोरी किती इंच मागे ओढायची त्या मापाकडे येतो. नवख्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथेच. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरावेत, ताणू नयेत, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजून त्याला २.५ ने भागावे. तुमच्या उंचीच्या माणसाचे हे अंतर साधारण ६७ इंच भरते, म्हणजे ड्रॉ लेंग्थ सुमारे २७ इंच. हा केवळ आरंभाचा अंदाज आहे; दुकानदाराने ओढायला लावून, दोरी नाकाच्या शेंड्याला आणि ओठांच्या कोपऱ्याला सहज टेकते का हे पाहून अर्धा इंच इकडे-तिकडे करावे. सहा फुटी माणसाचे ३० इंचांवर लावलेले धनुष्य तुमच्या हाती आले तर डावा हात ताठ लॉक होईल, दोरी कोपराच्या आतल्या बाजूवर सपकन बसेल, चेहरा दोरीच्या शोधात मागे झुकेल, आणि तुम्ही महिनोन्‌महिने आपल्याच नेमाला दोष देत राहाल. जुन्या धनुष्यांपैकी कित्येकांत ही लांबी बदलण्यासाठी कॅमवरचा एक वेगळा तुकडा विकत घ्यावा लागतो आणि मॉडेल जुने झाले की तो मिळतही नाही. ३०० डॉलरचा व्यवहार स्वस्त वाटतो तो तोपर्यंतच.

त्याच वेळी आपला कोणता डोळा प्रधान आहे तेही तपासावे. दोन्ही हात पुढे करून तळव्यांच्या मध्ये लहानशी फट ठेवावी, तिच्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला ती वस्तू दिसत राहते तो तुमचा प्रधान डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रधान निघाला, तर डावखुरे धनुष्य घेण्याचा विचार पहिल्याच दिवशी करणे सोपे, कारण अजून कोणतीही सवय लागलेली नसते.

तुमच्यासारख्यांसाठी मी सुचवतो ती धनुष्ये म्हणजे ज्यांचा जोर आणि लांबी दोन्ही मोठ्या पल्ल्यात बदलता येतात अशी. डायमंड कंपनीचे इन्फिनिट एज प्रो ५ ते ७० पौंड आणि १३ ते ३१ इंच एवढ्या पल्ल्यात बसते. बेअर कंपनीच्या क्रूझर मालिकेतील धनुष्येही त्याच जातीची. या धनुष्यांबरोबर नेमयंत्र, बाणाची बैठक, भाता इत्यादी लावूनच येते आणि सारे मिळून ४०० ते ६०० डॉलरच्या घरात जाते. नावाजलेल्या कंपन्यांची वरच्या श्रेणीतली धनुष्ये नुसती, काहीही न लावता, १००० डॉलरच्या पुढे असतात. ती शांत आणि हाताला गोड असतात यात वाद नाही, पण २० यार्डांवरच्या हरणाला त्यातला फरक कळत नाही.

जाहिरातीतील वेगाच्या आकड्याने भुलू नये. ‘सेकंदाला ३४० फूट’ हा आकडा ७० पौंड, ३० इंच आणि ३५० ग्रेनचा (सुमारे २३ ग्रॅमचा) हलका बाण अशा ठरलेल्या मापावर काढलेला असतो. तुमच्या २७ इंचांवर, ५० पौंडांवर आणि ४०० ग्रेनच्या बाणाला हाच वेग २४० च्या आसपास उतरेल. तो पुरेसा आहे, मात्र त्यातून तुमची मर्यादा ठरते. ३० यार्ड म्हणजे ९० फूट जायला या बाणाला सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा थोडे अधिक लागते, तर दोरीचा आवाज तेच अंतर सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात कापतो. सावध हरिण त्या फरकात पळण्यासाठी खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट, भलत्याच ठिकाणी लागतो. म्हणून पहिल्या वर्षी २० यार्ड, फार तर २५. ६० पौंडांचे धनुष्य घेऊनही ही मर्यादा फारशी बदलत नाही. ती सरावाने आणि हरणाची देहबोली ओळखण्याने बदलते.

आता बाणांविषयी, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक धनुष्यावर पैसा संपवून बाण मात्र हाताला लागतील ते घेतात. बाण दोरीवरून सुटताना वाकतो आणि उडतांना सरळ होतो. तो किती वाकावा याचे माप म्हणजे स्पाइन. २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू देऊन बाणाच्या मध्यावर १.९४ पौंडांचे वजन टांगतात, तो जितका इंच झुकेल त्याची हजारपट म्हणजे त्याचा क्रमांक. ०.५ इंच झुकला तर ५००, ०.४ इंच झुकला तर ४००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ, आणि नवखे नेमके उलटे समजतात. ५० पौंड, २७ इंच ओढ आणि १०० ग्रेनचे टोक यांना ५०० चा बाण जुळतो. ६० पौंडांवर गेलात तर ४०० कडे जावे लागेल. बाणाच्या डब्यावर किंवा उत्पादकाच्या तक्त्यावर हे दिलेले असते, ते पाहूनच घ्यावे. पूर्ण बाणाचे वजन ४०० ग्रेनच्या आसपास ठेवावे, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. जड बाण धनुष्याची अधिक ऊर्जा उचलतो, आवाज कमी होतो आणि आत खोल जातो. उलट, ड्रॉ वेटच्या दर पौंडामागे ५ ग्रेनपेक्षा हलका बाण कधीही लावू नये, कारण मग उरलेला झटका धनुष्यालाच सोसावा लागतो.

कार्बनचा प्रत्येक बाण सोडण्यापूर्वी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवावा आणि कानाजवळ नेऊन ऐकावे. करकर ऐकू आली तर तो मोडून टाकावा. चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात.

शिकारीच्या पात्याबाबत, म्हणजे बाणाच्या टोकाला लावायच्या धारदार अग्राबाबत, दुकानात तुम्हाला उडताना मिटलेली आणि लागताच उघडणारी पाती दाखवतील. ती सरळ उडतात हे खरे, पण उघडण्यातच त्यांची काही ऊर्जा खर्च होते, आणि ५० पौंडांवर ती चैन परवडत नाही. तीन धारांचे, न हलणारे, १०० ग्रेनचे पाते घ्यावे. या राज्यात त्याची रुंदी किमान ७/८ इंच असावी लागते. सरावाच्या टोकांनी जिथे बाण लागतो तिथेच पात्याने लागेल असे गृहीत धरू नये. पाते हवेत पंखासारखे वागते. त्यामुळे हंगामापूर्वी किमान दोन आठवडे त्याच पात्यांनी सराव करावा, आणि शिकारीसाठी धारदार, न वापरलेली वेगळी ठेवावीत. तीन पात्यांच्या पाकिटातले एक सरावाला द्यावे लागते, म्हणून मी दोन पाकिटे घ्यायला सांगतो.

दोरी बोटांनी न ओढता रिलीजने, म्हणजे दोरी पकडून सोडणाऱ्या छोट्या चापाने ओढतात. मनगटाला पट्ट्याने बांधला जाणारा आणि तर्जनीने सुटणारा साधा प्रकार घ्यावा. तो अंधारात शोधावा लागत नाही आणि मचाणावरून खाली पडत नाही. अंगठ्याने सुटणारा प्रकार अधिक नेमका असतो, आणि एकलव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला तो भावतोही, पण त्याला वर्षभर हात बसावा लागतो. बाणाच्या बैठकीत मी केसाळ गोल बैठक पसंत करतो, जिच्यात बाण चहूबाजूंनी धरला जातो. तिच्याने वेगात थोडी घट येते, पण मचाणावर थरथरत्या हातांनी बाण खाली घसरून लोखंडी पायरीवर ‘टिंग’ वाजणे टळते. नेमयंत्रात तीन ठिपके पुरतात. पहिला २० यार्डांना लावावा, दुसरा ३० ला, आणि तिसऱ्याकडे या वर्षी पाहूच नये. नेम धरताना ज्यातून पाहायचे ते दोरीत बसवायचे गोल भोक मोठे, पाव इंचाचे घ्यावे. हरणे सूर्योदयापूर्वीच्या आणि सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात, म्हणजे कायद्याने जितका वेळ मिळतो त्याच्या अगदी कडांना निघतात, आणि लहान भोकातून तेव्हा काळोखाखेरीज काही दिसत नाही.

अंतरमापक यंत्र पहिल्या वर्षी चैनच आहे. मचाणावर चढण्यापूर्वी २० पावले मोजून चारही बाजूंना एकेक झाड किंवा दगड ठरवून ठेवला की काम भागते. वरून खाली नेम धरताना कोनाचा हिशेब करणाऱ्या महागड्या यंत्रांविषयी बोलायचे तर, २० फूट उंचीच्या मचाणावरून २० यार्डांवरच्या हरणासाठी तिरके अंतर २१ यार्डच येते. त्या एका यार्डासाठी कोणी जास्त पैसे मोजू नयेत.

ज्याच्यावर पैसे मोजावेत ती वस्तू धनुष्याच्या दुकानात कोपऱ्यात टांगलेली असते. पूर्ण शरीराचा सुरक्षा-पट्टा, आणि जमिनीपासून मचाणापर्यंत बांधलेली दोरी, जिच्यावर चढता-उतरताना सरकणारी गाठ पट्ट्याला जोडलेली राहते. मचाणाबरोबर फुकट येणारा पट्टा बहुधा इतका गुंतागुंतीचा असतो की माणूस अंधारात तो घालायचे टाळतो, म्हणून ८० ते १०० डॉलरचा सुटसुटीत पट्टा वेगळा घ्यावा. पाय जमिनीवरून उचलण्यापूर्वी जोडणी झालेली असावी. धनुष्य हातात घेऊन कधीही चढू नये. वर पोहोचल्यावर दोरीने ओढून घ्यावे. सरकारी शिकारभूमीवर झाडाला स्क्रूच्या पायऱ्या मारता येत नाहीत, पट्ट्याने बांधायच्या शिड्या घ्याव्या लागतात, हेही हिशेबात धरावे. उंचीची भीती असेल तर जमिनीवरचा कापडी आडोसा उत्तम. त्यात बसूनच बाण सोडावा लागतो, म्हणून तो सरावही खुर्चीवरच करावा.

तुमच्या १००० डॉलरची वाटणी मी अशी करीन: साजासह धनुष्य ५०० च्या आत, सहा बाण ८०, दोन पाकिटे पाती ८०, रिलीज ५०, सरावाचे लक्ष्य १००, सुरक्षा-पट्टा व दोरी १२०. उरलेले परवान्याला आणि दुकानदाराकडून धनुष्य जुळवून घेण्याला. मचाण या वर्षी सहकाऱ्याचे वापरावे. तुम्ही भरता त्या किमतीत धनुष्यावरचा ११ टक्के केंद्रीय करही आलेला असतो. तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, आणि तुम्ही ज्या सरकारी रानात बसणार त्याची निगा त्यातून राखली जाते.

एवढे सांगूनही कोणाला वापरलेलेच धनुष्य घ्यायचे असेल, तर कापसाचा बोळा धनुष्याच्या दोन्ही बाहूंवरून, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या लवचिक पट्ट्यांवरून, हळूहळू फिरवावा. जिथे तंतू अडकतील तिथे चीर आहे. कॅमच्या कडांवर खोच किंवा वाकलेपणा दिसला तर ते धनुष्य कधीतरी बाणाशिवाय सोडले गेले आहे असे समजावे आणि हात जोडून परत द्यावे. दोरी पिंजारलेली असेल तर ती बदलण्याचे शंभर-दीडशे डॉलर किमतीतून वजा करावेत.

बाणाशिवाय दोरी सोडणे या एका गोष्टीने मी एक धनुष्य गमावले आहे. राज्याच्या बहुतेक भागात हंगाम ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होतो आणि दसरा पुष्कळदा त्याच दिवसांत येतो, त्यामुळे शस्त्रपूजेला माझे धनुष्य देवापुढे मांडलेले असते. एका वर्षी सोने द्यायला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने ते उचलले, ‘बघू तरी’ म्हणत पूर्ण ओढले आणि सोडून दिले. सुदैवाने कोणाला लागले नाही, पण दोरी उडाली, वरचा कॅम वाकला आणि बाहूला चीर गेली. आता पूजेला फक्त भाता ठेवतो, तोही पात्यांवर झाकण लावून.

सरावाचे लक्ष्य म्हणून जेवणाची कागदी थाळी लावावी. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच, ८ ते १० इंचांचा असतो. रोज शंभर बाण सोडून खांदा दुखवून घेण्यापेक्षा वीस सोडावेत, आणि ऑगस्टपासून त्यातला पहिला बाण महत्त्वाचा मानावा: थंड अंगाने, जाड जॅकेट घालून, बसून सोडलेला एकच बाण. तो लागोपाठ दहा दिवस २० यार्डांवरून थाळीत लागला तर तुम्ही २० यार्डांचे शिकारी आहात. हरिण आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असेल तरच बाण सोडावा. सोडल्यावर अर्धा तास जागचे हलू नये. बाणावर हिरवट, दुर्गंधीयुक्त खूण दिसली तर पोटात लागला आहे. तेव्हा माग काढायला किमान सहा-आठ तास थांबावे, नाहीतर उठवलेले जखमी जनावर मैलभर जाते आणि सापडत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी हातांचे माप आणि प्रधान डोळा घरीच पाहून ठेवावा. खुर्चीवरच्या परीक्षेत किती पौंड जमले आणि ओढ किती इंचांची निघाली ते कळवलेत, तर बाण कापायची लांबी आणि स्पाइनचा क्रमांक मी सांगू शकेन. तोवर बाण मात्र विकत घेऊ नयेत.